उसाच्या फडातला मधुमेह

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील वाड्यांवस्त्यांमधून आणि तांड्यांमधून, पाच-सहा महिन्यांचा संसार बांधून, जी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात, त्यांच्या गाठोड्यांत पीठ, भांडी, पांघरुणे आणि कोयता यांना जागा असते. परंतु कुटुंबात कोणास मधुमेह असलाच तर त्याच्या गोळ्या बहुधा महिन्याभरापुरत्याच असतात, कारण सरकारी दवाखान्यातून एका खेपेस सामान्यतः तेवढ्याच मिळतात. रोग माणसाबरोबर चालू लागतो आणि त्याचे दफ्तर गावच्या आरोग्य केंद्रात मागे राहते.

हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींचा अंदाज दहा कोटींच्या वर नेऊन ठेवला. आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तेथील अर्भके इंग्लंडातील अर्भकांहून वजनाने बरीच कमी, स्नायूंनी क्षीण, परंतु त्या मानाने चरबी मात्र राखून असतात. हडकुळ्या देहास या रोगापासून अभय नाही.

अशा रुग्णास आपण सांगतो, की वेळेवर जेवा, विश्रांती घ्या, स्वतःची काळजी स्वतः घ्या. पण ज्या नवराबायकोची गणना मिळून एक ‘कोयता’ अशी होते, ज्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे, एका दिवसाचा खाडा झाला तर ज्यांच्या हिशेबातून पैसे कापले जातात, आणि पहाटे फडात उतरून रात्री-अपरात्री आलेल्या गाडीत मोळ्या चढवाव्या लागतात, त्यांच्या हाती स्वतःची वेळ कितीशी असते? उपदेश खोटा नाही. त्याच्या पालनाची तजवीज मात्र कोणी केलेली नाही.

मेटफॉर्मिनचेच पाहा. स्वस्त, विश्वासाचे औषध. परंतु आरंभी कित्येकांचे पोट त्याने बिघडते. ज्या कोपीला, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीला, शौचालय नाही, तेथील बाईने चार दिवसांत ते बंद केले, तर तिला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. गोळी जेवणाबरोबर घ्यावी, मात्रा हळूहळू वाढवावी, त्रास टिकलाच तर सावकाश विरघळणारी गोळी डॉक्टरांकडून मागून घ्यावी, एवढे तिच्या बोलीत सांगणारे कोणी भेटले, तर औषध तिच्या अंगी लागण्याचा पुष्कळ संभव आहे.

फडात आणखी एक गोष्ट घडते, जिचा विचार शहरातल्या आहारतक्त्याने कधी केलेला नाही. भूक लागली की हाताशी फुकट असतो तो ऊसच, आणि तो दिवसभर चघळल्याने रक्तातील साखर चढत राहते. उलट, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन, भाकरी न खाता, कोयता चालवणाऱ्याची साखर अतिश्रमाने एकाएकी उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, पण शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. म्हणून हंगामाच्या आरंभी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घेणे अगत्याचे आहे.

इन्सुलिनला थंडावा लागतो आणि कोपीत शीतकपाट नाही. तरीही कुपी डबीत बंद करून, पाणी धरून ठेवणाऱ्या ओल्या वाळूत बसवलेल्या कोऱ्या मडक्यात, सावलीत ठेवली तर बाहेरच्या उन्हापेक्षा काही अंशांनी ती गार राहते. सुईचा घोटाळा त्याहून घातक. आपल्याकडील सरकारी कुपी बहुधा दर मिलिलिटरला चाळीस युनिटांची असते, तिला लाल टोपणाची सुई लागते. नारिंगी टोपणाची, शंभराची सुई तिला वापरली तर मात्रा चुकते, आणि ही चूक वाचता न येणाऱ्याच्या डोळ्यांना फक्त रंगावरूनच ओळखता येते.

हे सारे शिकवण्यास टोळीतलीच एखादी बाई पुरेशी आहे. मात्र तिच्या हाती साखर मोजण्याचे यंत्र आणि पट्ट्या द्याव्या लागतील, आणि टोळी निघण्यापूर्वी संपूर्ण हंगामाची औषधे व नोंदींचे एक कार्ड गावच्या केंद्राने तिच्या स्वाधीन करावे, जे ऊस जेथे तोडला जाईल तेथील केंद्रानेही बिनशर्त मान्य करावे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला याहून निकडीचे काम मला दिसत नाही.

पायांचे मात्र कोणाच्या हुकमाची वाट न पाहता आजच करता येईल. तोडलेल्या उसाचे बुडखे जमिनीतून टोकदार वर राहतात, पाचटाने पाय कापतात, आणि ज्याच्या पायाची संवेदना या रोगाने गेली आहे त्याला रक्त आले तरी कळत नाही. तेव्हा संध्याकाळी चूल पेटली की तिच्या उजेडात एकाने दुसऱ्याचे तळवे पाहावेत, बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, आणि काटा दिसला तर सकाळ होण्याआधी काढावा.