पहिली कादंबरी छापताय? सही करण्याआधी हे वाचा

प्रकाशकाचा होकार आला की घरात पेढे येतात आणि पाठोपाठ करारनामा. पेढे खुशाल खा, सही मात्र लगेच करू नका. हक्क किती वर्षांसाठी देताय, ते आधी शोधा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी, सर्व भाषा, सर्व माध्यमे’ असे छापले असेल, तर उद्याचा अनुवाद, ऑडिओबुक, वेबसीरिज सगळेच हातचे गेले. ती ओळ बदलून मागा. नवख्याने असे मागू नये, हा समज प्रकाशकांच्याच सोयीचा!

हक्क घेऊन वर्षभर पुस्तक काढलेच नाही, तर ते हक्क तुमच्याकडे परत येतात. अर्थात, करारात वेगळे काही लिहिले नसेल तरच.

आणि छपाईचा खर्च तुमच्याकडूनच मागितला तर? मग प्रती किती निघणार, त्या कोणाच्या ताब्यात राहणार, हे कागदावर घ्या. आयएसबीएनचे शुल्क वेगळे लावले असेल तर कारण विचारा. भारतात हा क्रमांक सरकारी संस्था विनामूल्य देते आणि लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो.