मातीच्या चकत्यांनी बांधलेले जेल

पॉलिमरच्या लांब साखळ्या मातीच्या अतिसूक्ष्म चकत्यांना जागोजागी चिकटतात, त्यातून सलग जाळे तयार होते आणि त्यात पाणी अडकून राहते. अशा पदार्थाला नॅनोसंमिश्र जेल म्हणतात. जपानच्या कावामुरा रसायन संशोधन संस्थेतील काझुतोशी हारागुची आणि तोरू ताकेहिसा यांनी 2002 मध्ये असे जेल प्रसिद्ध केले.

साध्या हायड्रोजेलमध्ये साखळ्या एकमेकींना रासायनिक जोडरेणूंनी बांधलेल्या असतात. हे जोड कुठेही पडतात, त्यामुळे दोन जोडांमधले अंतर कुठे फार कमी, तर कुठे जास्त राहते. ताण आला की आखूड तुकडे आधी तुटतात आणि सगळे जेल भंगते. जोडरेणू वाढवून भागत नाही. जेल उलट अधिक ठिसूळ आणि धुरकट होते. हारागुचींनी जोडरेणू वगळलेच आणि ते काम मातीवर सोपवले.

ही माती शेतातली नव्हे. हेक्टोराइट या खनिजाचे कृत्रिम रूप, लॅपोनाइट, यासाठी वापरतात. त्याची प्रत्येक चकती सुमारे 30 नॅनोमीटर रुंद आणि जेमतेम 1 नॅनोमीटर जाड असते. चकतीतील काही मॅग्नेशियमच्या जागी लिथियम असल्याने तिच्या पृष्ठांवर ऋण प्रभार येतो आणि तो सोडियमच्या आयनांनी तोललेला असतो. पाण्यात हे आयन सैल होतात, चकत्या एकमेकींना दूर लोटतात आणि सुट्या होतात. मात्र त्यांच्या कडांवर सौम्य धन प्रभार असतो. पाण्यात क्षार वाढले की कड पृष्ठाला चिकटते, पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी राहते आणि नुसत्या मातीचेच जेल बनते. ते इथे नको असते.

म्हणूनच कोणता घटक केव्हा घालायचा, याला फार महत्त्व आहे. आधी माती पाण्यात ढवळून पारदर्शक द्रव करतात. मग त्यात एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइड हा मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा घटक, मिसळतात. त्याचे रेणू चकत्यांभोवती जमतात आणि चकत्यांना आपसांत जुळू देत नाहीत. त्यानंतरच द्रव थंड ठेवून पोटॅशियम परसल्फेट हा साखळी सुरू करणारा आरंभक आणि टेमेड हा त्याला चालना देणारा पदार्थ घालतात. परसल्फेट हा क्षारच असल्याने तो मोनोमरच्या आधी घातला, तर मातीचे पुंजके होतात आणि पुढचे सारे फसते. आरंभकातून निघणाऱ्या आणि साखळी वाढवणाऱ्या मूलकांना ऑक्सिजन गिळतो, म्हणून तो आधीच हुसकून लावावा लागतो. मग मिश्रण 20 अंश सेल्सियसला सुमारे 20 तास ठेवतात.

आरंभक मातीच्या पृष्ठालगत गोळा होतो, त्यामुळे साखळ्या तिथूनच वाढू लागतात. सुरुवातीला प्रत्येक चकतीभोवती साखळ्यांचा झुपका तयार होतो. या काळात पारदर्शकता थोडा वेळ घटते आणि पुढे परत येते. साखळ्या लांबत जाऊन शेजारच्या चकत्यांपर्यंत पोचल्या की त्यांच्यातील अमाइड गट हायड्रोजन बंधांनी तिथे चिकटतात. एकेका चकतीवर अशा अनेक साखळ्या अडकतात आणि संपूर्ण द्रवाचे एक सलग जाळे होते. तयार पॉलिमर आणि माती नुसती एकत्र ढवळली तर असे एकसंध जेल मिळत नाही. साखळी मातीच्या सान्निध्यातच वाढावी लागते.

याचे फळ मोठे आहे. चकत्यांमधल्या साखळ्या लांब आणि लवचीक असल्याने ताण पुष्कळ साखळ्यांवर वाटला जातो आणि हे जेल मूळ लांबीच्या दहापटींहून अधिक ताणले जाते. मातीचे प्रमाण वाढवले की जेल अधिक ताठ होते. मात्र तापमान 32 अंश सेल्सियसच्या आसपास गेले की आकसण्याचा या पॉलिमरचा गुण त्याबरोबर क्षीण होतो, कारण मातीला चिकटलेल्या साखळ्या मोकळेपणे गोळा होऊ शकत नाहीत. तापमानानुसार हालणारे जेल हवे असेल, तर माती बेतानेच घालावी लागते. हायड्रोजन बंध पुन्हा जुळू शकत असल्याने कापलेले पृष्ठभाग एकमेकांना टेकवून ठेवले तर परत सांधतात, हेही पुढे दिसून आले.

2010 मध्ये टोकियो विद्यापीठाच्या ताकुझो आयदा यांच्या गटाने वेगळा मार्ग घेतला. त्यांनी माती सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटच्या साहाय्याने सुटी केली आणि दोन्ही टोकांनी मातीला चिकटणारा फांद्याफांद्यांचा रेणू त्यात मिसळला. तिथे मोनोमरपासून साखळी वाढवण्याची पायरी नाही. घटक मिसळताच जेल बनते आणि त्यात बहुतांश पाणीच असते.