तीन तारांची वाट

एप्रिल १९८९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने स्पार्कस्टेशन १ बाजारात आणलं. पिझ्झाच्या खोक्यासारखं चपटं यंत्र आणि त्यावर ठेवायला जडशीळ मॉनिटर. पुढे ही यंत्रं विद्यापीठांतून, प्रयोगशाळांतून बाहेर पडू लागली तेव्हा सगळ्यात आधी मॉनिटर भंगारात गेले, मग सनचे खास कीबोर्ड. उरली ती नुसती खोकी. आज हौशी माणसाच्या हाती बहुधा असंच एखादं खोकं लागतं आणि त्याच्याशी बोलायला मागचं सिरियल पोर्ट तेवढं शिल्लक असतं. पाठवायची एक तार, ऐकायची एक आणि ग्राउंड. एवढ्यावर यंत्र बोलायला हवं. प्रत्यक्षात ते पहिल्या फटक्यात क्वचितच बोलतं. का बोलत नाही, याची कारणं मात्र दर काही वर्षांनी बदलत गेली आणि जुनी कारणं न जाता नवी त्यांच्यावर चढत गेली.

पहिलं कारण केबल. आरएस-२३२ हे मानक १९६०चं, आणि ते आखलं गेलं टर्मिनल व मोडेम यांच्या जोडीसाठी. दोन संगणक समोरासमोर आले की दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि दोघंही दुसऱ्या तारेवर कान लावून बसतात. त्यासाठी तारा उलटसुलट जोडलेली नल मोडेम केबल आली. त्यात १९८४च्या आयबीएम पीसी एटीने नऊ पिनांचं पोर्ट आणलं आणि घोळ वाढला. पंचवीस पिनांच्या पोर्टवर संगणक दोन नंबरच्या पिनेवर बोलतो, नऊ पिनांच्या पोर्टवर तीनवर. त्यामुळे केबल सरळ आहे की उलटी, हे नुसते नंबर जुळवून कळत नाही. डेक या संगणक कंपनीने तर स्वतःचा वेगळाच प्लग काढला. दिसायला टेलिफोनच्या प्लगसारखा, पण खटका एका बाजूला सरकवलेला, म्हणजे फोनची वायर त्यात बसूच नये. स्पार्कस्टेशन १ आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडीवर आठ पिनांचं गोल पोर्ट होतं, अगदी मॅकिंटॉशसारखं. डेटाच्या आणि ग्राउंडच्या पिना तिथे जुळतात, नियंत्रणाच्या जुळत नाहीत. म्हणून मॅकची केबल कधी चालते, कधी अर्धवट चालते.

माझं ठाम मत आहे की केबल बदलत बसण्याआधी मल्टिमीटर घ्यावा. काळी प्रोब ग्राउंडला, म्हणजे पंचवीसमध्ये सातला किंवा नऊमध्ये पाचला. लाल प्रोब दोनला, मग तीनला. कोणी बोलत नसताना पाठवणाऱ्या तारेवर ऋण दाब असतो, साधारण उणे पाच ते उणे बारा व्होल्ट. दुसरी पिन शून्याच्या आसपास घुटमळते. जिथे ऋण दाब दिसला, ती त्या यंत्राची बोलायची तार. केबलच्या दोन्ही टोकांना हे पाहिलं की सरळ-उलट्याचा वाद संपतो. आणि चालू यंत्राच्या दोन्ही पिनांवर काहीच नसेल, तर दोष केबलचा नाही. बोर्डावरच्या १४८८ या ड्रायव्हर चिपकडे किंवा तिला लागणाऱ्या उणे बारा व्होल्टच्या पुरवठ्याकडे वळावं.

तार बरोबर लागली की सेटिंगची पाळी. सन, डेक, सिलिकॉन ग्राफिक्स यांचा नेहमीचा शिरस्ता ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा, अक्षरामागे दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. वेग चुकला की पडद्यावर कचरा उमटतो, आणि तो कचरा ही शुभवार्ताच समजावी, कारण तार जिवंत आहे. कोणत्याही वेगावर कचराच येत असेल तर संकेताची ध्रुवता उलटी आहे का ते तपासावं. सगळ्यात फसवा दोष मात्र फ्लो कंट्रोलचा. यंत्राचा मजकूर स्वच्छ दिसतो, पण आपण टाइप केलेलं एकही अक्षर पोहोचत नाही. आपला प्रोग्राम सीटीएसच्या तारेवर परवानगीची वाट पाहत असतो, आणि तीन तारांच्या केबलमध्ये ती तारच नसते. हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद केलं की काम होतं.

कन्सोल, म्हणजे संदेश दाखवण्याची आणि आज्ञा घेण्याची जागा, कुठे आहे हे यंत्राला कळणं हीदेखील एक गोष्ट. सनचा नियम मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: कीबोर्ड जोडलेला नसेल तर कन्सोल आपोआप पहिल्या सिरियल पोर्टवर, टीटीवाय-एवर. पुण्याच्या सी-डॅकने १९९८मध्ये उभारलेला परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्क सर्व्हरवर बांधलेला होता. त्या सर्व्हरांनाही हाच नियम लागू. डेकच्या व्हॅक्सस्टेशन ३१००च्या मागे कन्सोल सिरियलवर नेण्यासाठी छोटीशी कळ असते. इंडीच्या प्रॉममध्ये कन्सोल नावाची नोंद असते. तिथे 'जी' असेल तर ग्राफिक्स, 'डी' असेल तर सिरियल.

सनच्या या सोयीला एक काटा होता. तारेवरचा संकेत एका अक्षराहून जास्त वेळ धन पातळीवर अडकला की त्याला ब्रेक म्हणतात, आणि ब्रेक मिळताच सन चालू काम थांबवून फर्मवेअरच्या ओके प्रॉम्प्टवर येतं. टर्मिनलचं बटण बंद केलं तरी ब्रेक जायचा आणि भरात असलेला सर्व्हर थबकायचा. सनच्या सोलारिस ८ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्यासाठी वेगळा कीक्रम ठरवण्याची सोय आली. आज अडचण नेमकी उलटी आहे: यूएसबीवरून सिरियल देणारे काही स्वस्त कन्व्हर्टर ब्रेक पाठवतच नाहीत आणि ओके प्रॉम्प्ट गाठता येत नाही.

कन्व्हर्टरांचं प्रकरण २०१४च्या ऑक्टोबरात पेटलं. कन्व्हर्टरच्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला आणि हजारो जणांच्या केबली रातोरात निकामी झाल्या. त्यातल्या बहुतेकांना आपली चिप नकली आहे याची कल्पनाही नव्हती. कंपनीने शिक्षा केली ती ग्राहकाला, आणि ते मला आजही पटत नाही. ३.३ व्होल्टचे टीटीएल कन्व्हर्टर हा आणखी एक धोका. ते थेट आरएस-२३२ला जोडले तर जळतात. मध्ये मॅक्स२३२च्या जातीची चिप हवीच.

हे सगळं पार करून प्रॉम्प्ट मिळाला की सनवर बहुधा एक ओळ येते: आयडीप्रॉममधला मजकूर अवैध आहे. यंत्राची सेटिंग जपणाऱ्या एनव्हीरॅमच्या चिपमध्ये लिथियम बॅटरी बंद करून ठेवलेली असते, ती केव्हाच संपलेली असते. तिच्याबरोबर यंत्राचा इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडीही गेलेले असतात. चिपचं प्लास्टिक जपून कोरून बाहेरून सीआर२०३२ची बॅटरी जोडतात. ओके प्रॉम्प्टवर एमकेपी ही आज्ञा देऊन पत्ता एकेक बाइट करून पुन्हा भरतात. ८:०:२० हा सनचा ठरलेला आरंभ. पुढचे तीन आकडे अनेक जण सी०:एफएफ:ईई असे ठेवतात; सलग वाचले की कॉफी होते. घरात अशी दोन यंत्रं असतील तर दुसऱ्याला वेगळा पत्ता द्यावा, नाहीतर दोन्ही नेटवर्कवर एकमेकांना अडवतात.

पत्ता बसला की यंत्र नेटवर्कवरून बूट होतं. नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम अजूनही स्पार्क, व्हॅक्स आणि इंडी या तिघांनाही आधार देते, आणि तिचं इन्स्टॉलेशन पूर्णपणे सिरियलवरून करता येतं. टर्मिनलचा प्रकार विचारला तर व्हीटी१०० सांगावं. डेकचं हे १९७८चं टर्मिनल आजचे बहुतेक सगळे टर्मिनल प्रोग्राम ओळखतात.