फोटो काढायचाय? मग हिजाबचा रंग आधी बघा



मागच्या खेपेला बँक सखी, पशुसखी आणि समुदाय संसाधन व्यक्तींची ओळखपत्रं छापून आली, तेव्हा ती वाटायचं काम माझ्याकडे होतं. नाव वाचायचं आणि कार्ड हातात द्यायचं. एका कार्डावर नाव होतं, पद होतं, शिक्काही होता, पण फोटोच्या चौकोनात नुसता काळा डाग. डोळ्याजवळ धरलं तेव्हा मधे एक पांढुरका ठिपका दिसला. तोच चेहरा! कार्ड होतं आमच्या एका बँक सखी आपांचं. काळा बुरखा, काळा हिजाब आणि मागे स्टुडिओचा गडद निळा पडदा. आपा म्हणाल्या, "ताई, यात मी कुठं आहे?" आणि आम्ही सगळ्या हसलो.

पुढं झालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. बँकेत नवीन साहेब आले होते. त्यांनी कार्ड बघून "हे तुमचंच कशावरून?" असं विचारलं आणि आपांना बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. सोबत दोन गटांच्या बचतीचे पैसे! फोटो बदलायला त्या स्टुडिओत गेल्या, तर तिथला पोरगा म्हणाला, "डोक्यावरचं काढा, मगच नीट येईल." आपा तशाच परत फिरल्या आणि मला फोन केला, "राहू द्या ते कार्ड. बँक सखीचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

एका फोटोपायी चांगली बँक सखी हातची जात होती. तेव्हापासून मी या विषयात जरा लक्ष घातलं, माहिती घेतली, स्वतः मोबाईलवर फोटो काढून बघितले. ते आज तुम्हाला सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. फोटो नीट यावा म्हणून हिजाब काढावा लागत नाही. पासपोर्टचे नियम सगळ्यात कडक, पण त्यातही धार्मिक कारणाने डोकं झाकायला मुभा आहे. अट एवढीच, की हनुवटीच्या खालपासून कपाळाच्या वरपर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहऱ्याची कड स्पष्ट दिसली पाहिजे, चेहऱ्यावर सावली नको. आधारच्या नोंदणीतही परंपरेने डोकं झाकणाऱ्यांना ते काढायला लावत नाहीत. तेव्हा पुन्हा कुणी असं म्हणालं, तर "चेहरा पूर्ण दिसतोय ना? मग काढा फोटो" एवढंच सांगायचं. ज्या भगिनी नकाब घेतात त्यांना ओळखपत्रापुरता चेहरा उघडा ठेवावा लागतो. अशा वेळी फोटो एखाद्या बाईनेच काढावा म्हणून सांगता येतं. आपल्या प्रभागसंघात तर ते सहज जमतं, मोबाईल चालवणाऱ्या मुली प्रत्येक गटात आहेत.

आता काळा डाग का झाला, ते बघू. कॅमेऱ्याला माणसाचं तोंड आणि कापड यातला फरक आपल्यासारखा कळत नाही. समोरचं सगळं चित्र फार काळं नको, फार पांढरं नको, मधलं असावं, एवढं तो बघतो. चौकोनात काळंच काळं भरलेलं असेल, तर तो सगळं चित्र उजळ करायला जातो. काळं कापड थोडं राखाडी होतं आणि चेहरा पार पांढरा फटक पडतो, नाकडोळे पुसून जातात. उलट पांढरा हिजाब आणि पांढरी भिंत असली, की तो चित्र दाबतो आणि चेहरा काळवंडतो. म्हणजे दोष आपल्या रंगाचाही नाही आणि हिजाबचाही नाही. मोबाईलवर उपाय सोपा आहे. फोटो काढण्याआधी पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये तिथे छोटं सूर्याचं चिन्ह येतं. ते वर सरकवलं की चेहरा उजळतो, खाली सरकवलं की दबतो. कॅमेऱ्याने चेहरा बघावा, कापड नव्हे, हे त्याला असं सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट झेरॉक्सची. आपला फोटो एकदा निघतो, पण त्याच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच जास्त फिरतात. खात्याच्या अर्जाला झेरॉक्स, कर्जाच्या फाईलला झेरॉक्स, कधी तर झेरॉक्सची झेरॉक्स. तिथे रंग उरत नाहीत, फक्त गडद आणि फिकं उरतं. लाल ओढणी आणि हिरवा पडदा डोळ्याला कितीही वेगळे दिसले, तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर झेरॉक्समध्ये एक होऊन जातात. म्हणून मी एक परीक्षा करते. मोबाईलवर फोटो काढायचा आणि फोटो सुधारायच्या जागी जाऊन तो काळा-पांढरा करून बघायचा. चेहरा, हिजाब आणि मागची भिंत अशा तीन वेगळ्या छटा दिसल्या, की समजा फोटो पास झाला. दोन छटा एकमेकीत मिसळल्या तर ओढणी बदला. छापायला पैसे घालण्याआधी ही परीक्षा फुकटात होते.

म्हणजे रंग निवडताना "कोणता रंग छान" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, मागे काय आहे? पासपोर्ट, आधार यांचे फोटो त्यांच्याच केंद्रात काढतात आणि मागे पांढरा पडदा असतो. हज-उमऱ्यासाठी पासपोर्ट काढायला जाणाऱ्या आपल्या कितीतरी चाच्या, खाला त्या दिवशी हौसेने पांढराशुभ्र हिजाब घालून जातात. मग डोकं पडद्यात विरघळतं आणि हवेत नुसता चेहरा तरंगतो. त्या दिवशी मोतिया, पांढरा, फिका बदामी नको. मोरपंखी, डाळिंबी, जांभळा, गडद निळा, बाटलीसारखा हिरवा, यातलं काहीही चालेल.

मागे गडद भिंत किंवा पडदा असेल तर उलट करायचं. अबोली, फिका गुलाबी, आकाशी, राखाडी. पण खरं सांगू? गडद पडद्यासमोर उभंच राहू नका. घरातली एक साधी पांढरी किंवा फिकी चादर दोरीवर ताणून बांधा आणि तिच्यापासून दोन-तीन पावलं पुढं उभ्या राहा. सावली चादरीवर पडत नाही.

मग चेहऱ्याचा रंग. इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय. "सावळीने गडद घालू नये, फिकंच घालावं" असं आपल्याकडे सगळ्या बायकांना ऐकवतात. फोटोत ते खरं ठरत नाही. सावळ्या चेहऱ्याला डाळिंबी, मोरपंखी, वांगी रंग किती खुलतो ते एकदा बघाच. अडचण होते ती कापडाचा रंग आणि अंगाचा रंग एक झाला तर. गव्हाळ चेहऱ्याला बदामी किंवा मेंदी रंग, सावळ्याला कॉफी रंग घातला, की गाल कुठे संपला आणि कापड कुठे सुरू झालं ते कळत नाही. पोपटी, लिंबू, झगमगता राणी यांची वेगळीच तऱ्हा. हिजाब हनुवटीला आणि गालाला लागून असतो, त्यामुळे भडक कापडावरून उजेड उसळतो आणि कापडाचा रंग चेहऱ्यावर चढतो. पोपटीने माणूस आजारी असल्यासारखा दिसतो, भगव्या-लालने ताप आल्यासारखा. घरात तीन ओढण्या घ्या, दारात उजेडात उभ्या राहा, एकेक हनुवटीखाली धरा आणि जावेला किंवा मुलीला विचारा, आधी काय दिसतं, मी की ओढणी? "तू" म्हणाली ती ओढणी फोटोची.

ज्या काळाच घालतात त्यांनी तो सोडायची काही गरज नाही. काळ्या हिजाबमध्ये फार छान फोटो येतात, फक्त मागे फिकी भिंत हवी आणि उजेड समोरून चेहऱ्यावर यायला हवा. बुरखाही काळाच असेल आणि मनाला पटत असेल, तर हिजाब तेवढा राखाडी किंवा निळा घ्या, म्हणजे खांदे आणि डोकं वेगळं दिसतं. गटाच्या गणवेशाची साडी असेल तर हिजाब साडीच्या अंगाला नाही, काठाला जुळवा. आमच्या एका भाभींनी निळ्या साडीवर काठातला आमसुली रंग उचलला. बघणारीला वाटावं, साडीसोबतच आला असेल.

कापडाचं थोडक्यात सांगते. साटीन चमकतं आणि फोटोत त्याच्यावर पांढरे पट्टे उठतात. बारीक रेघा आणि बारीक चौकडी मोबाईलमध्ये लहरी मारतात. सुती किंवा होजिअरीचं साधं, एका रंगाचं कापड सगळ्यात बरं. चकमकीची पिन लग्नाला ठेवा. आतली टोपी कपाळावर फार खाली आली तर भुवयांवर सावली पडते, ती बोटभर वर सरकवा. हेच पदर घेणाऱ्यांनाही लागू आहे. डोक्यावरचा पदर पुढं ओढला की डोळे अंधारात जातात.

उजेडाची एक फजिती सांगते. आपांचा नवा फोटो आम्ही कार्यालयाच्या अंगणात काढला. डाळिंबी हिजाब, मागे पांढरी चादर, सगळं व्यवस्थित. तरी चेहरा हिरवट! चार फोटो काढले, चारही हिरवट. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, डोक्यावर रोपवाटिकेची हिरवी शेडनेट होती. निळ्या ताडपत्रीखाली निळं होतं, गुलाबी भिंतीशेजारी गुलाबी होतं. मोकळ्या सावलीत, दाराच्या उंबऱ्याशी तोंड बाहेर करून उभं राहायचं आणि वेळ सकाळची किंवा कललेल्या उन्हाची. भर दुपारी हिजाबची कडच गालावर सावली पाडते.

फोटो गोरा करून देणारं ॲप वापरू नका. ओळखपत्रावर गोरी आणि खिडकीसमोर सावळी, मग साहेब परत विचारणार, हे तुमचंच कशावरून. सरसच्या स्टॉलवरच्या फलकासाठी किंवा लोणच्या-मसाल्याच्या पाकिटावर लावायच्या फोटोसाठी थोडी मोकळीक आहे. तिथे तुमच्या मालाच्या रंगाशी जुळणारा हिजाब शोभतो. हळदीच्या पाकिटावर मोरपंखी तर फारच उठून दिसतो. पण असा फोटो लावण्याआधी तिला विचारायचं, ग्रुपवर टाकण्याआधीही विचारायचं. कार्डासाठी दिलेला फोटो फलकासाठी दिलेला नसतो. काही भगिनींना तो अनोळखी लोकांत जायला नको असतो, आणि "नको" म्हणाली तर कारण विचारू नका.

आपांचं नवं कार्ड आलं. त्या पुन्हा बँकेत बसतात. परवा त्यांच्या सूनबाई आल्या होत्या, त्यांना पशुसखीच्या कार्डासाठी फोटो हवाय.

तर पुढच्या मासिक बैठकीला ज्यांचे फोटो राहिलेत त्यांनी दोन-तीन ओढण्या किंवा हिजाब सोबत आणा, एक गडद आणि एक फिका हवाच. चादर आणि दोरी कार्यालयात आहे. जरा लवकर या, ऊन चढायच्या आत उरकू. शेडनेट तेवढी मी आदल्या दिवशीच गुंडाळून ठेवते.