प्रवाह आणि दप्तर : संगणकातील नोंदींचे वाचन-लेखन



मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु लिहिलेले टिकते कसे आणि पुसले जाते कसे, हा प्रश्न ज्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आपली नावे आहेत, तिच्या अंगणात अप्रस्तुत खचितच नाही.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल प्रयोगशाळेत ज्या भाषेचा पाया घातला, तिला १९८३ पासून सी प्लस प्लस हे नाव मिळाले. ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री आज्ञावलेखनाची ही एक प्रमुख भाषा. तीत फाइल आणि आज्ञावली यांच्यामध्ये ‘स्ट्रीम’ म्हणजे प्रवाह असतो. दमणगंगेच्या मुलखात ही कल्पना समजावणे अवघड नाही. मधुबन धरणाचे पाणी पाटाने शेतात येते. ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने ते घ्यावे लागते. अक्षरेही तशीच एकामागून एक येतात. येणाऱ्या प्रवाहाचा वर्ग आयएफस्ट्रीम, जाणाऱ्याचा ओएफस्ट्रीम. (वर्ग हा शब्द आपल्या शाळेतलाच, येथे मात्र तो एका घडणीच्या वस्तूंचा साचा या अर्थाने घ्यावा.) या वर्गांना वारसाही असतो. आयएफस्ट्रीम हा आयस्ट्रीमचा वारस, म्हणून कळफलकावरून नाव वाचणारी ओळ जवळजवळ जशीच्या तशी फाइलीतूनही नाव वाचते.

आता खरा धोका. ओएफस्ट्रीमने जुनी फाइल उघडली आणि वेगळी सूचना दिली नाही, तर आतला सारा मजकूर त्याच क्षणी नाहीसा होतो. एक अक्षरही लिहिण्यापूर्वी, आणि काही न विचारता. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. रुमालाची गाठ सोडताच कागद कोरे होते, तर? एका नव्या विद्यार्थ्याचे नाव घालण्यासाठी रजिस्टर उघडावे आणि त्याच्याखेरीज या शाळेत कोणी शिकलेच नाही असे ठरावे, त्यातला हा प्रकार. उपाय लहानसा आहे : उघडताना ‘अ‍ॅप’ हा पर्याय द्यावा. मग प्रत्येक नवी नोंद जुन्या मजकुराच्या शेवटी जाते.

लिहिलेले लगेच तबकडीवर पोहोचते असेही नाही. कारकून कच्च्या नोंदी साठवून मग एकदम वहीत उतरवतो, तसा मजकूर आधी स्मृतीतल्या ‘बफर’मध्ये साचतो. तेवढ्यात वीज गेली तर तो गेलाच. फाइल बंद केली की तो उतरतो. प्रवाहाच्या वस्तूचे आयुष्य संपताना ती फाइल आपणहून बंद करते, ही सोय मला फार समंजस वाटते.

वाचताना घोटाळे निराळे. दोन बाणांचे वाचनचिन्ह मोकळी जागा आली की थांबते. ‘दादरा आणि नगर हवेली’ यातून ते फक्त ‘दादरा’ उचलते. २६ जानेवारी २०२० रोजी प्रदेशाच्या नावाला दमण आणि दीव जोडले गेले. बिचाऱ्या चिन्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही. पूर्ण ओळ हवी तर ‘गेटलाइन’ वापरावी. शिवाय फाइल संपली हे प्रवाहाला पुढचे वाचण्याचा प्रयत्न फसल्यावरच कळते. वाचण्याआधी ‘संपली का?’ विचारणारा शेवटचे नाव दोनदा छापतो, नाहीतर एक रिकामी नोंद तरी करतो.

आणि अक्षरांविषयी. हे साधे प्रवाह अक्षरे नव्हे, बाइट वाहून आणतात. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात ‘दादरा’ हा शब्द ५ बाइटांत मावतो : द, काना, द, र, काना. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यालाच १५ लागतात. तिथे ‘गेट’ने एकेक बाइट घेणाऱ्याच्या हाती ‘द’चा एकतृतीयांश येतो. त्या दशकात कित्येकांनी तर निरनिराळ्या फाँटांच्या स्वतंत्र संकेतांत मराठी लिहिले. तेव्हाची स्मरणिका कोणाच्या संग्रही असेल, तर ती कोणत्या संकेतात आहे हे आधी ठरवावे, रूपांतर वेगळ्या फाइलीत करावे आणि मूळ फाइल केवळ आयएफस्ट्रीमनेच उघडावी.