‘ती मेली’ आणि ‘तिला मारून टाकले’ : मालिकांच्या प्रेक्षकांच्या संभाषणाचा भाषिक विचार

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिका आणि त्यांविषयी प्रेक्षकांत चालणाऱ्या गप्पा हा विषय विद्यापीठीय अभ्यासास साजेसा नाही, अशी समजूत आपल्याकडे अद्याप रूढ आहे. कादंबरीचा वाचक कादंबरीविषयी बोलू लागला की त्या बोलण्यास आपण आस्वाद म्हणतो. नाटक पाहून परतणाऱ्याच्या बोलण्यात आपणांस समीक्षेचा आरंभ दिसतो. परंतु मालिका पाहणारी गृहिणी शेजारणीशी बोलू लागली की ते बोलणे रिकामपणाचे ठरते. या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. मालिकांचा प्रेक्षक भोळा असून कथा आणि वास्तव यांतील भेद त्यास कळत नाही, हे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात हे गृहीत भाषेच्या कसोटीवर पारखून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम विषयाची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. ज्यास ‘सोप ऑपेरा’ म्हणतात तो कथाप्रकार अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात नभोवाणीवर रुजला. साबण तयार करणाऱ्या कंपन्या त्याच्या आश्रयदात्या होत्या, म्हणून त्यास हे काहीसे उपहासाचे नाव मिळाले. ‘गायडिंग लाइट’ ही मालिका 1937 साली नभोवाणीवर सुरू झाली, 1952 साली दूरचित्रवाणीवर आली आणि 2009 साली संपली. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ 1956 पासून 2010 पर्यंत चालली. 1963 साली सुरू झालेल्या ‘जनरल हॉस्पिटल’ने 2023 साली साठ वर्षे पुरी केली. इंग्लंडातील ‘कॉरोनेशन स्ट्रीट’चा आरंभ 1960 सालचा आहे. म्हणजे आईने पाहिलेली कथा लेकीने व नातीने पुढे पाहावी, इतका या कथांचा विस्तार आहे. साहित्याच्या अन्य कोणत्याही प्रकारात वाचकाचे आयुष्य आणि कथेचे आयुष्य इतकी वर्षे बरोबरीने चालत नाही.

आता प्रेक्षकांच्या भाषेकडे वळू. एमिल दुर्खेमप्रमाणे मोठे सिद्धान्त मांडण्याऐवजी लोकांच्या प्रत्यक्ष बोलण्यापासून सुरुवात करणारा एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. टमार लीब्स आणि एलिहू कॅट्झ यांनी ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेचा एक भाग निरनिराळ्या समाजांतील प्रेक्षकांच्या लहान गटांना दाखवून नंतरची चर्चा नोंदवली. त्यांत इस्राएलमधील अरब, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियातून आलेले स्थलांतरित, किबुत्झमधील रहिवासी आणि अमेरिकन प्रेक्षक होते. हा अभ्यास 1990 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रेक्षकांच्या विधानांचे त्यांनी दोन वर्ग केले. पहिल्या वर्गातील विधाने पात्रांना खऱ्या माणसांसारखे मानून त्यांच्या वागण्याची चिकित्सा करतात. दुसऱ्या वर्गातील विधाने मालिकेकडे रचलेली वस्तू म्हणून पाहतात. त्यांत लेखकाचा हेतू, कथेची बांधणी, निर्मात्याचा व्यवहार यांचा विचार असतो. गटागटांत या दोहोंचे प्रमाण वेगळे होते. रशियन स्थलांतरितांचा कल दुसऱ्या प्रकाराकडे अधिक होता. तथापि दोन्ही प्रकारची विधाने करण्याची क्षमता सर्वत्र दिसून आली.

हा भेद मराठीत पडताळून पाहिला तर तो थेट व्याकरणात उमटलेला आढळतो. एखाद्या मालिकेतील नायिकेचा अंत झाला, तर मराठी प्रेक्षक त्याविषयी निदान तीन प्रकारे बोलतो : ‘ती मेली’, ‘ती मेली असं दाखवलं’ आणि ‘तिला मारून टाकलं’. पहिल्या वाक्यात कर्तरी प्रयोग असून पात्र हाच कर्ता आहे. बोलणारा कथेच्या आत उभा आहे. दुसऱ्या वाक्यात ‘दाखवणे’ हे क्रियापद येते आणि बोलणारा उंबरठ्यावर येतो. तिसऱ्या वाक्यात भावे प्रयोग आहे. पात्र कर्माच्या जागी गेले आहे, आणि तृतीयेतील कर्ता लुप्त आहे. व्यवहारात कोणी ‘तिला मारून टाकलं’ असे म्हटले, तर ऐकणारा तत्काळ ‘कोणी?’ असे विचारील. मालिकेच्या संभाषणात हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण लुप्त कर्ता म्हणजे मालिकेचे लेखक व निर्माते, हे दोघांनाही ठाऊक असते. ‘तिला अमेरिकेला पाठवलं’, ‘त्याला उगाच वाईट केलं’, ‘लग्न लांबवलं’ ही सारी वाक्ये याच साच्यातील आहेत. इंग्रजीत हेच कार्य ‘किल’ या धातूला ‘ऑफ’ हे अव्यय जोडून साधतात. तो जोडप्रयोग कथेतील खुन्यास लावीत नाहीत, लेखकास लावतात.

यांत महत्त्वाचे असे की एकच व्यक्ती एकाच संभाषणात, पुष्कळदा एकाच श्वासात, या प्रयोगांतून त्या प्रयोगात जाते. ‘तिनं घर सोडायला नको होतं, पण आता तिला परत आणतील’ या वाक्याचा पूर्वार्ध पात्राच्या निर्णयावर आक्षेप घेतो आणि उत्तरार्ध लेखकाच्या पुढील चालीचा अंदाज बांधतो. ज्यास कथा व वास्तव यांतील भेद कळत नाही, त्यास हे प्रयोगांतर इतक्या अचूकपणे करता आले नसते. यास जोडून ‘म्हणे’ या अव्ययाचाही विचार करावा. ‘काल तिनं सगळं सांगून टाकलं म्हणे’ असे म्हणणारी स्त्री कालचा भाग आपण स्वतः पाहिलेला नाही, दुसरीकडून ऐकला आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते. काल्पनिक घटनेविषयीही पुराव्याचा दर्जा सांगण्याची ही दक्षता निःसंशय लक्षणीय आहे.

मालिकांवर घेतला जाणारा दुसरा आक्षेप असा की त्यांत काही घडतच नाही. एकच गोष्ट आठवडाभर घोळवली जाते. या आक्षेपास रॉबर्ट अ‍ॅलन यांनी 1985 साली दिलेले उत्तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष जवळचे वाटेल, कारण ते सोस्यूरच्या विचारावर आधारलेले आहे. भाषेतील घटक एकापुढे एक येतात तेव्हा त्यांच्यात क्रमसंबंध असतो. आणि ज्या घटकांतून एकाची निवड झाली त्या सर्वांशी त्याचा पर्यायसंबंध असतो. अ‍ॅलन यांच्या मते मालिका क्रमाच्या दृष्टीने पुनरुक्तीने भरलेली, पण पर्यायसंबंधाच्या दृष्टीने अत्यंत संपन्न असते. एखादे गुपित एका पात्राने दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास सांगितले, तर नवख्या प्रेक्षकाच्या दृष्टीने माहितीत भर पडली नाही. जाणत्या प्रेक्षकास मात्र प्रत्येक वेळी नवे काही कळते : कोणी सांगितले, कोणास सांगितले, कोणापासून लपवले, ऐकणाऱ्याचे सांगणाऱ्याशी पूर्वी काय घडले होते. एवंच, घटनेपेक्षा नात्यांच्या जाळ्यात मालिकेचा अर्थ वसतो. ते जाळे ज्यास पाठ आहे त्यासच तो वाचता येतो.

येथूनच जुन्या आणि चालू मालिकांच्या चर्चेचे मर्म हाती येते. पूर्वीच्या काळात या मालिका थेट प्रक्षेपित होत. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’चे थेट प्रक्षेपण 1975 पर्यंत चालू होते. चुंबकीय फीत महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. परिणामी पहिल्या दशकांतील असंख्य भाग आज उपलब्ध नाहीत. जे पाहिले ते प्रेक्षकांच्या आठवणीत आणि त्यांच्या बोलण्यात उरले आहे. त्यामुळे दीर्घकाळच्या प्रेक्षकास संभाषणात एक अधिकार प्राप्त होतो. नवा प्रेक्षक एखाद्या पात्राच्या वागण्याचे नवल करतो. जुना प्रेक्षक वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगून ते वागणे उलगडतो. लेखक बदलतात, नट बदलतात. कथेची संगती राखण्याचे काम पुष्कळ अंशी प्रेक्षकाकडे येते. मौखिक परंपरेत जे काम कथेकऱ्याचे श्रोते करीत, त्याच्याशी याचे साम्य आहे.

हे स्मरण केवळ कौतुकाचे नसते, ते नैतिक निवाड्याचेही असते. ‘जनरल हॉस्पिटल’मधील ल्यूक आणि लॉरा यांच्या कथेवरून हे स्पष्ट होईल. 1979 साली दाखवलेल्या प्रसंगात ल्यूक लॉरावर बलात्कार करतो. पुढे हीच दोघे प्रेमी म्हणून रंगवली गेली, आणि नोव्हेंबर 1981 मध्ये दाखवलेला त्यांचा विवाह सुमारे 3 कोटी प्रेक्षकांनी पाहिला. मधल्या काळात मूळ प्रसंगाचे नाव बदलू लागले. मालिकेशी संबंधित मंडळींच्या बोलण्यात ‘बलात्कार’ या शब्दाच्या जागी ‘मोहात पाडणे’ अशा अर्थाचा शब्द आला. शब्दाबरोबर वाक्यातील भूमिकाही बदलतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या शब्दात तिच्यावर केलेला बळाचा वापर आहे. दुसऱ्यात तिच्या मनाचा कल गृहीत धरला आहे, आणि अपराधाचा काही भाग नकळत तिच्याकडे सरकतो. प्रेक्षकांत या नावावरून मतभेद राहिले. काहींनी नवा शब्द स्वीकारला. परंतु मूळ प्रसंग आठवणाऱ्या अनेकांनी तो मान्य केला नाही. अखेर 1998 साली मालिकेने हा विषय पुन्हा हाती घेतला. त्या दोघांचा मुलगा लकी यास आपल्या मातापित्यांचा हा पूर्वेतिहास कळतो, असे कथानक आले, आणि त्या कृत्यास त्याच्या मूळ नावाने संबोधले गेले. प्रेक्षकांच्या वादाने हे घडवून आणले, असे म्हणण्याचा येथे आग्रह नाही. परंतु एकोणीस वर्षे तो शब्द प्रेक्षकांच्या संभाषणात जिवंत राहिला नसता, तर त्या कथानकाचे गांभीर्य कोणास उमगले असते, हा प्रश्न उरतोच.

मराठी मालिकांच्या बाबतीत असा अभ्यास करण्यास आज अवसर आहे. ‘आभाळमाया’ ही मालिका 1999 साली सुरू झाली. ‘चार दिवस सासूचे’ 2001 साली सुरू होऊन 2013 पर्यंत चालली. त्या मालिका प्रौढ वयात पाहणाऱ्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. सासू, सून, नोकरी, घर सोडणे, घर राखणे या विषयांवर त्यांनी मालिकेच्या निमित्ताने जे मतप्रदर्शन केले, ते त्यांनी स्वतःच्या संसाराविषयी उघडपणे केले असतेच असे नाही. ‘तिनं नवऱ्याला सोडायला हवं होतं’ हे वाक्य पात्राविषयी बोलता येते; घरातील माणसाविषयी बोलणे कठीण असते. कोणत्या वाक्यात ‘ती’ आली, कोणत्या वाक्यात ‘आपण’ आले, कोठे कर्ता लुप्त झाला आणि कोठे ‘म्हणे’ने जबाबदारी दुसऱ्यावर गेली, हे टिपून ठेवले तर गेल्या पंचवीस वर्षांतील मराठी कुटुंबाच्या नीतिविचाराचे एक विश्वसनीय साधन हाती येईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस अशी सूचना करावीशी वाटते की त्यांनी या कामाची सुरुवात दूर जाऊन करू नये. घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची अनुमती घेऊन त्यांचे मालिकांविषयीचे बोलणे नोंदवावे, त्याचे लिप्यंतर करताना ‘दाखवलं’, ‘केलं’, ‘म्हणे’ यांसारखे शब्द प्रमाणभाषेच्या मोहाने गाळू नयेत, आणि मगच अर्थनिर्णयास हात घालावा. मालिकांचे भाग फितींवर वा अन्यत्र कदाचित राहतील. त्यांविषयीचे बोलणे मात्र बोलणाऱ्यांबरोबर नाहीसे होणार आहे.