बीज जातं कुठं?

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या मनात एक शंका हमखास असते. नळी बांधली, मग दर महिन्याचं बीज साठतं तरी कुठं? शंका अगदी रास्त आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या विवाहित भारतीय स्त्रियांपैकी जवळपास 38 टक्के स्त्रियांचं हे ऑपरेशन झालेलं आढळलं, आणि पाळी जाईपर्यंत त्यांच्या पोटात बीजं सुटतच राहतात. ज्यांच्या नळ्या शाबूत आहेत त्यांचंही बीज बहुतेक महिन्यांत फळत नाहीच. ‘पाळीबरोबर बाहेर पडतं’ हे घरोघरी मिळणारं उत्तर. पण पाळी येते तेव्हा बीज संपून जवळजवळ दोन आठवडे उलटलेले असतात.

स्त्रीबीज साधारण एक दशांश मिलिमीटरचं, म्हणजे छापील पूर्णविरामाहूनही लहान. ते ज्या पाणीदार पुटकात वाढतं, ते मात्र फुटायच्या सुमारास दोन सेंटिमीटरपर्यंत फुगलेलं असतं. सोनोग्राफीत डॉक्टर मोजतात ते हेच. 2008 साली बेल्जियममध्ये जाक दोने या शल्यविशारदांना एका ऑपरेशनच्या वेळी बीज सुटण्याचा क्षण कॅमेऱ्यात टिपता आला. बीज एका झटक्यात बाहेर उडत असावं, असा समज होता. इथं बीजकोशावर एक लालसर फुगवटा आला, त्याला भोक पडलं आणि चिकट, पिवळसर द्रवात लपेटलेलं बीज पंधराएक मिनिटं घेत सावकाश बाहेर सरकलं.

नळीच्या झालरीसारख्या टोकानं ते आत ओढून घेतलं की घड्याळ सुरू होतं. त्याच्यापाशी बारा तास असतात, फार तर चोवीस. बीज सुटतं तेव्हा त्याचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं, आणि ते पुरं करायला शुक्राणूच आत शिरावा लागतो. तो आला नाही तर बीज तसंच ताटकळतं. त्याला थांबवून धरणारी प्रथिनं हळूहळू ओसरतात, गुणसूत्रांना ओळीत धरणारे धागे विस्कटतात, बाहेरचं पारदर्शक कवच कडक होत जातं. उशिरा पोचलेल्या शुक्राणूला मग आत शिरता येत नाही. पुढे पेशीचे तुकडे पडतात, ते विरघळतात, आसपासच्या पेशी उरलंसुरलं गिळून टाकतात. शरीरात रोज अब्जावधी पेशींची अशीच विल्हेवाट लागते. ही जरा मोठी, इतकंच.

नळी बांधलेली असली तरी हेच. बीज कोशाकडच्या तुकड्यात अडकतं किंवा पोटाच्या पोकळीत पडतं, आणि तिथंच जिरून जातं. साठत काही नाही. बीजकोश आणि गर्भाशय जागच्या जागी असल्यामुळे पाळीही चालू राहते.

नळीतलं मानवी बीज प्रत्यक्ष पाहिलेली माणसं थोडीच. 1928 मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनच्या वेळी नळ्या द्रवानं धुऊन त्यातून बीजं मिळवली. पुढे सत्तरच्या दशकात चिलीमध्ये ओरासिओ क्रोसात्तो यांनी बीज किती तासांनी कुठं असतं याचा माग काढला. ते तीनेक दिवस नळीतच रेंगाळतं, असं दिसलं. म्हणजे एखादं गर्भाशयापर्यंत पोचलंच, तरी त्याच्या आयुष्याची मुदत केव्हाच संपलेली असते.

मग पाळी कशानं येते? बीज निघून गेल्यावर जे रिकामं पुटक मागे उरतं, त्याचा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि त्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. गंमत अशी, की बीज मेल्याची खबर या पीतपिंडाला कुणीच देत नाही. खबर येते ती फक्त गर्भ रुजल्याची. बीज सुटल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी रुजू लागलेला गर्भ एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतो. मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच्यामुळे. तो निरोप आला नाही तर चौदा दिवसांच्या आसपास पीतपिंड आटतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तराच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि अस्तर गळू लागतं.

ही तारखांची जुळणी लागायला विसावं शतक उजाडावं लागलं. कुत्री माजावर आली की रक्तस्राव होतो; त्यावरून एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी बाईचं बीजही पाळीच्या सुमारास सुटतं असं धरलं, आणि मूल नको असलेल्या जोडप्यांना पाळीच्या मधले दिवस ‘सुरक्षित’ म्हणून सांगितले. नेमके गर्भ राहण्याचेच दिवस! 1924 मध्ये जपानच्या क्यूसाकू ओगिनो यांनी ऑपरेशनमध्ये दिसणाऱ्या पीतपिंडांवरून हिशेब मांडला: बीज पुढच्या पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी सुटतं. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास तिथंच पोचले. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली, म्हणजे याच्याही आधी. दिवस मोजण्यापेक्षा त्यांनी साधनांवर भर दिला, ते त्या काळी शहाणपणाचंच होतं. 1995 मध्ये ॲलन विल्कॉक्स यांच्या गटानं 221 अमेरिकन स्त्रियांच्या नोंदींवरून दाखवलं, की गर्भ राहतो तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस एवढ्याच काळातल्या संबंधातून. बीज दिवसभरातच बाद होतं; वाट पाहत थांबतात ते शुक्राणू.

टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत मात्र न फळलेलं बीज डोळ्यांसमोर असतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या गटाच्या प्रयत्नांतून 1986 साली अशा बाळाचा जन्म झाला. बीज आणि शुक्राणू बशीत एकत्र ठेवले, की सोळा ते अठरा तासांनी तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फळलेल्या बीजात दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात, एक आईचं, एक बापाचं. काही बीजांत काहीच दिसत नाही. कवच, आतला पेशीरस आणि कडेला आदल्या दिवशीचा तोच एक बारीक ठिपका. अशा शिळ्या बीजात सुईनं शुक्राणू सोडून पाहण्याचे प्रयत्नही झाले. त्यातून गर्भ तयार होतात, पण टिकणारे फार थोडे.